पाणी पुसल्याची रेघ

बारीक फोकसचं चाक केसभर पुढे सरकलं आणि मेणबाईच्या पोटात धस्स झालं. आधी पोटात झालं आणि मग डोळ्यांना कळलं, असंच म्हणायला हवं. एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसलेल्या बाईचं पोट डोळ्यांपेक्षा हुशार झालेलं असतं. चौदा नंबरची काच होती. काचेवर सॅलॅमँडरच्या, बेडकाच्या शेपटीवाल्या चुलतभावाच्या, जिभेचा काप, जाडी पाच मायक्रॉन, म्हणजे एक केस घेऊन चौदा ठिकाणी चिरावा आणि त्यातली एक चीर घ्यावी, इतका. पेशींची केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी. मोठ्या, पाण्याबाहेर राहायला आलेल्या जनावराची जीभ ती. गुबगुबीत, गादीसारखी, आत चिकट रसाच्या ग्रंथी नळ्यांसारख्या ओळीने उभ्या. आणि उजव्या कडेला तो फिकट पुंजका, ज्याच्यामुळे गेले तीन महिने अख्खा मजला हवेत तरंगत होता. मेणबाईने चाक मागे घेतलं. जीभ स्वच्छ दिसली, पुंजका धूसर. चाक पुढे. पुंजका स्वच्छ, जीभ धूसर. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दोन्ही एका वेळी काही स्वच्छ दिसेनात. एकाच कापात शेजारीशेजारी वाढलेल्या पेशी असतील तर त्या एका पातळीवर असायला हव्यात. एक खाली आणि एक वर असं तेव्हाच होतं, जेव्हा वरचा कुठूनतरी येऊन बसलेला असतो. बस एवढंच. पाच मायक्रॉनचा जिना, पण मेणबाईला तो चढवेना.

खरं नाव तिला होतंच, पगारपत्रकावर. पण प्रयोगशाळेत आलेल्या पहिल्याच तुकडीतल्या पोरांनी तिला मेणबाई केलं आणि ते बारसं टिकलं. कारण ती सदा मेणात. जनावराच्या जिभेचा तुकडा यायचा, ती तो वितळलेल्या मेणात बसवायची, गोठलं की साबणाच्या वडीच्या पिल्लाएवढा ठोकळा. ठोकळा यंत्राला लावायचा, हँडल फिरवायचं, पात्यावरून मेणाची फीत निघते, एकाला एक चिकटलेल्या कापांची आगगाडीच. ती फीत कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुत्या गेल्या की दुधावरची साय उचलावी तशी खालून काच घालून उचलायची. काम एवढंच. पण एक ठोकळा झाला आणि दुसरा घ्यायचा, त्याच्या मधे मेणबाई पाण्यावरून टिपकागदाची पट्टी ओढायची. कारण पाण्यावर आधीच्या ठोकळ्याचे कपटे उरतात, डोळ्याला न दिसणारे, आणि पुढच्या काचेवर फुकटात चढून बसतात. पट्टी ओढली, पाणी पुसलं, की वहीत त्या दोन ठोकळ्यांच्या नोंदींमधे निळ्या पेनाने एक बारकी आडवी रेघ. पट्टी सगळेच ओढतात. रेघ फक्त तिची. ती कुणी शिकवली नव्हती, कुणी मागितली नव्हती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वही चाळता चाळता विचारलं होतं, "ह्या रेघा शोभेसाठी का हो, बाई?" "नाही, झोपेसाठी," मेणबाई म्हणाली होती. साहेब हसले, पुढच्या पानावर गेले. त्यांना वाटलं विनोद केला. मेणबाई विनोद करत नसे. निदान या इमारतीत तरी तिला कुणी तसं पाहिलं नव्हतं.

पुंजका सापडला तेव्हा प्रबंधवाली किंचाळली होती. प्रबंधवाली म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची विद्यार्थिनी; पाचवं वर्ष चालू होतं, प्रबंध संपत नव्हता, म्हणून तिचं ते नाव. विषय ऐकायला साधा: सॅलॅमँडरची जीभ लहानपणापासून मोठेपणापर्यंत कशी बदलते. पिल्लू पाण्यात असतं, मानेशी कल्ल्यांची झालर. मजल्यावर सगळे त्यांना झालरवालेच म्हणायचे. झालरवाल्याची जीभ म्हणजे नुसती चपटी घडी, खाली कूर्चेचा आधार. तिला काही करावंच लागत नाही. तोंड उघडलं की पाण्यासकट भक्ष्य आत. तिच्या कातडीत मोठ्या मोठ्या फिकट, फुगीर पेशी असतात. पुस्तकात त्यांना भारदस्त नाव आहे, इथे त्या फुगऱ्या. मग जनावर बदलायला लागतं. झालर सुकते, शेपटीचा पडदा जातो, आणि तोंडात, जुन्या जिभेच्या पुढ्यात, तळातून नवी गादी वर येते, ग्रंथींची, चिकट, हवेतला किडा टिपणारी. फुगऱ्या एकेक करून नाहीशा होतात. रुचीच्या कळ्यासुद्धा जातात आणि त्यांच्या जागी वेगळ्याच रुंद चकत्या येतात. म्हणजे चवसुद्धा जुनी राहत नाही. "बघा, मेणबाई, बघा!" प्रबंधवालीने तिला खांद्याला धरून सूक्ष्मदर्शकापाशी ढकललं होतं. "सगळी जीभ बदलली, पार शेवटच्या पेशीपर्यंत, सगळ्या जगाने असंच लिहून ठेवलंय. आणि ही बघा कोपऱ्यात! फुगऱ्या! जुनी जीभ उरलीय आतमध्ये!" मेणबाईने पाहिलं होतं. कमी भिंगातून पाहिलं होतं, चाकाला हात न लावता. शेजारच्या तेरा आणि पंधरा नंबरच्या काचांवर पुंजका नव्हता, पण त्यालाही प्रबंधवालीकडे उत्तर होतं: "इतकुसा आहे तो, एकाच कापात गावला. नशीब म्हणतात ते हेच." बाकी सगळ्यांनी तर फोटोच पाहिला, भिंतीएवढ्या पडद्यावर. फोटोला जाडी नसते. आणि मेणबाईला त्या दिवशी काय वाटलं होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही, सांगण्याजोगं नव्हतंच. घरी जाताना ती दोन थांबे आधी उतरली आणि चालत गेली. उरते म्हणजे. सगळं गेल्यावरही कोपऱ्यात थोडी उरते.

आणि आता हे. उद्या बाराला प्रबंधवालीचं व्याख्यान, बाहेरचे चार मोठे लोक येणार, त्यानंतर निबंध छापायला रवाना. निबंधावर तीन नावं. तिसरं मेणबाईचं, खरं, पगारपत्रकावरचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि महिनाअखेर ती निवृत्त. आज तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की, मुखपृष्ठासाठी जरा मोठ्या भिंगातून छान फोटो काढून ठेवा. तेवढ्यासाठी तिने चाकाला हात लावला.

तिने उठून वही काढली. काढण्याची गरज नव्हती, पान तिला पाठ होतं, तरी काढली. तारीख. ठोकळा नऊ, झालरवाला, वय दोन महिने, जीभ. खाली ठोकळा बावीस, मोठा, जीभ. काचा एक ते चोवीस. मधे काही नाही. कोरी जागा, पांढरी. पुढची आणि मागची पानं रेघांनी भरलेली, आणि इथे जणू तोंडातला एक दात पडलेला. त्या दिवशी नऊ नंबरचा ठोकळा संपत आला असताना ताईचा फोन आला होता. ताई कामाच्या वेळी फोन करत नसे, म्हणून तिने घेतला, एका हाताने. "काही नाही ग, सहज," ताई म्हणाली. "तुला तो घड्याळजी आठवतो? आपल्या जिन्याखाली दुकान होतं तो? गेला म्हणे. कुठेतरी लांब राहायचा, भावाकडे. नजर गेली होती, तरी घड्याळं दुरुस्त करायचा शेवटपर्यंत, कानाला लावून." आणि मग ताई हसायला लागली. "तू काय सांगायचीस ग! तो घड्याळं गिळतो म्हणून! पोट धरून हसायचो आपण, आठवतं?" "आठवतं," मेणबाई म्हणाली. "ठेवते, फीत सुकतेय." फोन ठेवला, बावीस नंबरचा ठोकळा लावला, हँडल फिरवलं. हात आपोआप चालत राहिले. हातांवर तिचा फार विश्वास.

लहानपणी ती अशी नव्हती. लहानपणी ती पहिल्या नंबरची थापाडी होती, आणि थापाही कशा, तर ऐकणाऱ्याने चहा गार होऊ द्यावा अशा. जिन्याला सकाळी बेचाळीस पायऱ्या असतात आणि संध्याकाळी एक्केचाळीस, कारण एक पायरी कामावरून सुटून आपल्या घरी जाते. गच्चीवरच्या टाकीत चष्मा लावणारा मासा आहे, तो पाण्याचा मीटर वाचतो. मामाच्या मिशीत एकदा शिंपिणीची सुई हरवली आणि तेव्हापासून मामा शिंकला की कुणाचंतरी बटण शिवून निघतं. इमारतीतली पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, मोठी माणसंही जाता जाता जिन्यात रेंगाळायची. "ह्या कार्टीच्या जिभेला हाडच नाही," आई म्हणायची, पण म्हणताना तोंडाला पदर लावायची. तोंडात थाप तयार होताना कसं वाटायचं, तेसुद्धा मेणबाईला अजून आठवत होतं: जिभेखाली आधी गार लागायचं, पाणी सुटायचं, आणि मग तोंड उघडलं की अख्खं जगच आत. ओढावं लागायचं नाही. आपोआप यायचं.

आणि घड्याळजी. भिंगवाला, हाताने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. ते भिंग कायम एका डोळ्यात, नसलं तर कपाळावर. त्याने एकदा तिला ते डोळ्याला लावायला दिलं होतं आणि घड्याळाच्या पोटातली केसासारखी स्प्रिंग दाखवली होती, आत-बाहेर, आत-बाहेर, झोपलेल्या उंदराच्या छातीसारखी. तिने आयुष्यात पहिल्यांदा भिंगातून पाहिलं ते हे. मग साहजिकच त्याच्यावर एक थाप झाली. ज्याच्यावर माया त्याच्यावर थाप, असा तिचा हिशोबच होता. घड्याळजी दुरुस्त न होणारी घड्याळं रात्री गिळून टाकतो. त्याच्या पोटाला कान लावा, सतरा घड्याळं वाजतात, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून बिचाऱ्याला भूक कधी लागलीय तेच कळत नाही. घड्याळजीच्या कानावर हे गेलं तेव्हा तो इतका हसला की भिंग डोळ्यातून खाली पडलं. पुढे चार दिवस तो पोरं दिसली की पोट पुढे काढायचा. "लाव कान, किती वाजले बघ!"

मग दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाचं सोन्याचं घड्याळ हरवलं. दुरुस्तीला दिलं होतं म्हणे. घड्याळजी म्हणाला, कालच परत केलं, हातात दिलं. वकील म्हणाला, दिलं नाही. जिन्यात माणसं जमली, आवाज चढले, आणि कुणीतरी, कोण ते आता आठवत नाही, गंमत म्हणूनच असेल, म्हणालं, "गिळलं असेल! पोरगी सांगतेच की!" सगळे तिच्याकडे वळले. नऊ वर्षांची ती, मधल्या पायरीवर, गुडघ्यावर खरचटलेलं. घड्याळजीसुद्धा वळला. कपाळावर भिंग. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, अजून होतं. त्याला वाटलं असणार की, आता ही काहीतरी भन्नाट बोलेल, सगळे हसतील आणि वातावरण निवळेल. "सांग बाळ, मी गिळलं घड्याळ?" त्याने विचारलं. आणि तिच्या जिभेखाली गार लागलं. इतके डोळे एकदम तिच्याकडे कधीच लागले नव्हते. "हो," ती म्हणाली. "मी पाहिलं. सोन्याचं होतं." कुणी हसलं नाही. वकील सावकाश म्हणाला, "गिळलं नसेल. पण ठेवून घेताना पाहिलं असणार. पोर आहे, आपल्या भाषेत सांगतेय." आणि सगळ्यांच्या माना हलल्या, इतक्या समजूतदारपणे हलल्या. तिला ओरडून सांगता आलं असतं, नाही, थाप होती, अहो, पायरी घरी जाते तशी थाप होती. तोंड उघडलंही होतं तिने. पण आत काही आलं नाही, बाहेरही काही गेलं नाही. घड्याळजीचं हसू मात्र तसंच राहिलं, चेहऱ्यावर विसरून गेल्यासारखं. आठवड्याभरात दुकान बंद. भिंतीवर मोठं घड्याळ टांगलेलं होतं तिथे गोल पांढरा डाग. वकिलाचं घड्याळ दोन महिन्यांनी त्याच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं, खिसा फाटला होता. वकिलाने ते जिन्यात हसत सांगितलं. तिला कुणी रागावलं नाही. कुणाला तिची आठवणही झाली नाही.

आठ दिवस तिने जेवण टाकलं होतं तेव्हा. आईने ताप बघितला, जीभ बाहेर काढायला लावून पाहिली, डॉक्टरलाही दाखवून आणली. काही निघालं नाही. इथे, प्रयोगशाळेत, टाक्या सांभाळणारा टाकीवाला तिला एकदा बदलायला लागलेलं जनावर दाखवत होता. त्याच्यासमोर किडा वळवळत होता आणि ते नुसतं तोंड उघडायचं, मिटायचं. "खात नाही आठ-दहा दिवस," टाकीवाला म्हणाला. "जुनं तोंड गेलं, नवं आलं नाही. आमच्या जावयासारखं. आईच्या हातचं मिळत नाही, बायकोच्या हातचं गिळत नाही." तो स्वतःच्या विनोदावर खो खो हसला आणि मेणबाई त्या जनावराकडे बघत राहिली होती, टाकीच्या काचेला नाक लागेपर्यंत. मग तिलाही नवी जीभ आलीच की. हो. नाही. बघते. ठेवा तिथे. उद्या मिळेल. शहाणी झाली पोर, आई म्हणाली. आणि शहाण्या पोरीने काम असं निवडलं, ज्यात तोंडाने काही सांगायचंच नाही. जे आहे ते कापायचं, रंगवायचं, काचेवर ठेवायचं. ज्याला बघायचं त्याने बघावं. काच थाप मारत नाही.

वही समोर उघडी होती. पेन तेच निळं. मेणबाईने ते केव्हा उचललं हे तिला सांगता आलं नसतं. टोक कोऱ्या जागेवर आलं. इतकीशी तर रेघ. प्रबंधवालीची पाच वर्षं होती त्या पलीकडे, भाड्याच्या खोलीत एका स्टुलावर काढलेली, दोनदा मोडलेलं लग्न, वडिलांचे "अजून किती?" असे फोन. काय खोटं होतं यात? सगळ्या जगात एक जीभ अशी असेल की नाही, जिच्यात जुनं थोडं उरलं? असेलच. मग ती हीच समजावी. तिने रेघ ओढली. बारकी, आडवी, सरळ, बाकीच्या हजार रेघांसारखी. आणि दार धाडकन उघडलं. "मेणबाई!" प्रबंधवाली. हातात एक कागद नाचवत. "पहिलं पान छापून आणलं, खास तुमच्यासाठी. हे बघा, तिसरं नाव! वाचा ना मोठ्याने." "चष्मा नाहीये," मेणबाई म्हणाली. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. प्रबंधवालीने तो बोटाने दाखवला आणि इतकी हसली की टेबलाला टेकली. "बघा, मेणबाई विनोद करायला लागल्या! उद्या काय होणार आहे माझं! फोटो झाला?" "होतोय." "तुम्ही नसता ना, तर तो पुंजका कुणाच्या बापाला सापडला नसता. मी व्याख्यानात सांगणार आहे, पहिल्या वाक्यातच. इतका स्वच्छ काप जगात कुणी काढत नाही." तिने मेणबाईला मागून मिठी मारली, तशीच, वहीवर वाकून, आणि गेली. मिठीत वहीला तिचा हात लागला असणार, कारण रेघ थोडी फिसकटली. बाकीच्या हजार रेघा सुकलेल्या. हीच ओली.

घरी ती बटाटे सोलत बसली. सालं नेहमीसारखी एकसारखी पातळ, लांब, न तुटता. नवरा त्यांना मेणबाईची दुसरी नोकरी म्हणायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आता घरी असायचा आणि घरातलं जे जे चालतं ते उघडून बघायचा. "आज गप्प का?" त्याने विचारलं. "मी रोज गप्पच असते." "रोज गप्प असतेस तेव्हा भांडी बोलतात. आज भांड्यांचीसुद्धा बोलती बंद." साल लांबत गेली. "तुमच्या कामात," ती थोड्या वेळाने म्हणाली, "लिफ्ट चालतेय, लोक जातायत येतायत, पण तुम्हाला माहीत आहे की, आत एक स्क्रू तुम्ही कसलेला नाही. तर?" नवऱ्याने पकड खाली ठेवली. "लोकांना माहीत नाही?" "नाही." "मग मी जिन्याने जातो," तो म्हणाला आणि हसला, आणि तिच्या तोंडाकडे बघून हसू आवरलं. "काय झालं ग?" "काही नाही. जेवायला वाढते." वाढलं तिने. स्वतःच्या ताटातला घास उचलला, तोंड उघडलं, मिटलं. घास पुन्हा ताटात. जिभेला चव लागेना. चव नाही असंही नाही, कुठल्या जिभेने घ्यायची तेच समजेना, जुनी की नवी. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि भाजी झाकून ठेवली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा, आणि तिला त्याचाच राग आला. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, नसतं सांगितलं. तिला आयुष्यात एकदाच विचारलं होतं कुणीतरी, सांग बाळ, म्हणून.

सकाळी साडेआठला ती प्रबंधवालीच्या आधी पोचली. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत पडदे ओढलेले, आत फक्त यंत्राचा पिवळा डोळा. चौदा नंबर तिने काल काढलाच नव्हता. प्रबंधवाली आली ती इस्त्रीच्या कपड्यात, केस बांधलेले, ओठ पुटपुटत. व्याख्यान पाठ करत होती. "बस इथे," मेणबाई म्हणाली. "फोटो?" "बस. मोठं भिंग लावलंय. बारीक चाक फिरव." प्रबंधवाली बसली. बसता बसता म्हणाली, "मेणबाई, वेळ नाही हो, मला अजून..." आणि चाक फिरवलं. मागे. पुढे. मेणबाईला तिची पाठ दिसत होती, इस्त्रीची घडी दोन्ही खांद्यांच्या मधे सरळ. चाकाचा आवाज होत नाही, तरी तिला तो ऐकू येत होता. मागे. पुढे. मागे. मग पाठ थांबली. श्वाससुद्धा.

"हे वर आहे," प्रबंधवाली म्हणाली. अगदी लहान आवाजात.

"हो."

"पुंजका वर आहे. जिभेत नाहीये. जिभेवर आहे."

"नऊ नंबरचा झालरवाला आहे तो. त्याच दिवशी, त्याच पाण्यावर आधी कापला होता. मी पाणी पुसलं नाही."

"तुम्ही?" प्रबंधवाली गर्रकन वळली. "तुम्ही कधी पुसत नाही असं होतं का? वहीत बघा ना, रेघ असेल!"

मेणबाईने वही तिच्यापुढे धरली. "आहे रेघ. ही बघ, फिसकटलेली. ती काल ओढली मी. तू कागद घेऊन आलीस ना, त्याच्या आधी."

प्रबंधवालीने वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. रागाला यायला वेळ लागला, पण आला. "काल? म्हणजे काल माहीत होतं? मी तुम्हाला मिठी मारत होते आणि तुम्ही... मेणबाई, बाराला चार माणसं येतायत! सर! मी घरी सांगितलंय! तुम्ही आज सांगताय? साडेआठला?" तिचा आवाज फाटला. "नाहीतर सांगायचंच नव्हतं! कुणालाही कळलं नसतं. फोटोत कळत नाही. तुम्ही जाणार महिनाअखेर. कुणी चाक फिरवलं असतं? कुणी?" आणि मग डोळे भरून आले, आणि पुसताना काजळ इस्त्रीच्या बाहीला लागलं, आणि त्या बाहीच्या डागासाठीच जणू ती हुंदके देऊन रडायला लागली. मेणबाई उभी राहिली. एकतीस वर्षांत तिने कुणाला जवळ घेतलं नव्हतं या इमारतीत. हात कुठे ठेवतात ते तिला आठवेना. तिने टिपकागदाची पट्टी काढून दिली. प्रबंधवालीने ती घेतली, तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पट्टीने नाक पुसलं.

"सरांकडे मी येते," मेणबाई म्हणाली. "माझं नाव काढून टाका. तुझं राहू दे. बाकीच्या ठोकळ्यांच्या काचा स्वच्छ आहेत, रेघांच्या आहेत, तिथे जीभ बदलतेय ती दिसतेच. तेवढं सांग बाराला. खरं आहे ते."

"त्यात नवीन काय आहे? सगळी बदलते, काही उरत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे." प्रबंधवालीने पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं, जणू आत कुणी बसलंय आणि त्याने हो म्हणावं. "मला वाटलं होतं, उरतं थोडं."

"मलाही," मेणबाई म्हणाली.

बाहेर टाकीवाला बादल्या आपटत जात होता, कुणाशीतरी जावयाबद्दलच बोलत. प्रबंधवालीने नाक ओढलं. "काल रेघ ओढलीत ना? मग आज का? मला खरंच कळत नाही. कुणासाठी?"

मेणबाईच्या जिभेखाली गार लागलं. पन्नास वर्षांनी, अगदी तिथेच, तसंच. पाणी सुटलं. ती स्टूल ओढून प्रबंधवालीसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"आमच्या जिन्याखाली एक घड्याळजी होता," ती म्हणाली, आणि आवाज तिचा नव्हता, किंवा फार पूर्वीचा होता, वर चढणारा, थांबून डोळे मोठे करणारा. "घड्याळं गिळायचा तो. सतरा घड्याळं होती पोटात, आणि एकाचीसुद्धा..." प्रबंधवालीच्या ओल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ओठाचा कोपरा, हसू येतंय की काय असं. ती पुढे वाकली. मेणबाई थांबली. तोंड उघडं होतं, आणि सगळं आत यायला तयार होतं.

"नाही," ती म्हणाली. "थांब. परत सांगते."

तिने तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं.

"आमच्या जिन्याखाली एक घड्याळजी होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने काही घेतलं नव्हतं."